निळ्या नाकावरचा पांढरा गोल: चुण्या, चांदी आणि झिरपणारा निळा (सीडी पानार, ल मां १९६२, १:४३ रेझिन)

रेसिंग गाडीचं १:४३ मापाचं, म्हणजे मूळ गाडीच्या त्रेचाळीसाव्या हिश्शाचं, रेझिनचं मॉडेल करणाऱ्यांची तक्रार नेहमी एकाच क्रमाने येते. बॉडी घासून झाली, निळा रंग सपाट बसला, दारांवरचे नंबरचे गोल (डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे छापील पापुद्रे) निमूट चिकटले. मग नाकावरचा गोल ठेवला आणि कडेने चार-पाच ठिकाणी चुण्या उभ्या राहिल्या. सॉफ्टनर (डेकल मऊ करणारा द्राव) लावल्यावर दोन मिटल्या आणि तीन तशाच सुकल्या. दुसऱ्या दिवशी पाहावं तर पांढरा गोल फिकट आकाशी दिसतोय आणि अंकांभोवती चांदीसारखी चमक आहे. गोल काढून जोड-शीटमधला दुसरा लावला, तरी तेच. हातांची चूक समजून लोक तिसरी शीट मागवतात. बहुतेक वेळा चूक हातांची नसते. सपाट पापुद्र्याला जे शक्यच नाही, ते त्याच्याकडून करून घ्यायचा प्रयत्न चाललेला असतो.

थोडक्यात उत्तर: नाकावरचा पांढरा गोल रंगवा आणि डेकलमधून फक्त काळे अंक घ्या. का, कधी आणि कसं, ते पुढे.

ही गाडी इतकी त्रास का देते

शार्ल दॉच आणि रने बोने यांची, रेसिंग गाड्या बनवणारी डीबी ही जोडी १९६१ मध्ये फुटली. बोने रेनोकडे वळले, दॉच पानारबरोबर राहिले आणि दॉच यांच्या (Charles Deutsch) आद्याक्षरांची सीडी जन्मली. इंजिन पानारचं, हवेने थंड होणारं, आडवं दोन सिलिंडरचं, ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी ७०२ घनसेंमीचं. ओढ पुढच्या चाकांना, बॉडी फायबरग्लासची. एवढ्याशा ताकदीवर चोवीस तास वेग टिकवायचा तर वजन आणि हवेचा अडथळा दोन्ही कमी करणं भाग होतं. १९६२ च्या ल मांमध्ये आंद्रे गियोदँ आणि आलँ बेर्तो यांच्या ५३ क्रमांकाच्या सीडीने परफॉर्मन्स इंडेक्स जिंकला. हा मान इंजिनाच्या आकारमानानुसार ठरवलेल्या अंतराच्या तुलनेत कोण किती पुढे गेलं यावर मिळत असे, आणि छोट्या फ्रेंच गाड्यांचं खरं रणांगण तेच होतं.

मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने यातली एकच गोष्ट महत्त्वाची: हवेसाठी घडवलेल्या या बॉडीवर सपाट जागा जवळजवळ नाही. नाक आडवंही वळतं आणि उभंही. धारदार कड नाही, जिच्याआड डेकलची कड लपवावी अशी पट्टी नाही. त्यात रंग गडद निळा, गोल पांढरा, म्हणजे प्रत्येक दोष दुप्पट दिसतो. डीबी एचबीआर, रने बोनेची एअरोजेट, अल्पिन एम६४ या तशाच छोट्या फ्रेंच गाड्यांनाही हेच सारं लागू पडतं.

आधी मोजा

पोळी लाटण्यावर टाकली तर ती गुमान वळते. तीच पोळी पालथ्या वाटीवर टाकली की कडेला चुण्या पडतात. लाटणं एकाच दिशेने वळतं, वाटी दोन्ही दिशांनी. वाटीवर गोलाच्या कडेला जेवढा परीघ मावतो त्यापेक्षा पोळीचा परीघ जास्त असतो, आणि हा जादा भाग कुठेतरी उभा राहणारच. डेकलचंही तसंच होतं, आणि हा जादा भाग मोजता येतो.

मूळ गोल ५० सेंमीचा धरला तर १:४३ मध्ये व्यास ११.६ मिमी, त्रिज्या ५.८ मिमी, परीघ ३६.४ मिमी. नाकाची वळणाची त्रिज्या आडवी आणि उभी अशी दोनदा मोजायची. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या. कंपासपेटीतल्या कर्कटकाने १२, १५, २०, ३० आणि ४० मिमी त्रिज्येच्या कमानी आखून कापा. कमानीची खोलगट बाजू गोलाच्या जागी नाकावर टेकवून उजेडात धरा. मध्ये टेकते आणि दोन्ही टोकांना फट दिसते, तर नाक कमानीपेक्षा जास्त वळलेलं आहे. लहान कमान घ्या. टोकं टेकतात आणि मध्ये फट दिसते, तर मोठी घ्या.

आता गोलाच्या त्रिज्येचा वर्ग भागिले सहा, आणि आलेल्या उत्तराला दोन्ही वळण-त्रिज्यांच्या गुणाकाराने भागा. ५.८ च्या गोलासाठी वरचा आकडा ५.६ येतो. नाक आडवं ४० आणि उभं १५ असेल तर ५.६ भागिले ६००, म्हणजे ०.९ टक्के, परिघावर ०.३४ मिमी जादा. दोन्हीकडे २० असेल तर १.४ टक्के, अर्धा मिमी. दोन्हीकडे १२ असेल तर ३.९ टक्के, म्हणजे जवळपास १.४ मिमी पापुद्रा कुठेही मावणार नाही. दाराला एकाच दिशेने वळण असतं, दुसरी त्रिज्या खूप मोठी, म्हणून उत्तर शून्याजवळ जातं. दारावरचा गोल मुकाट बसतो तो त्यामुळे.

कामचलाऊ हद्द अशी धरावी. एक टक्क्यापर्यंत सॉफ्टनर निभावून नेतो. एक ते अडीच टक्के असेल तर गोलाला चिरा द्याव्या लागतात. त्यापुढे डेकल विसरा. मधल्या पट्ट्यातही रंगवणंच जास्त भरवशाचं आहे, पण एअरब्रश नसेल तर चिरांचा मार्ग आहे, तो खाली दिला आहे.

एक शंका नेहमी निघते: १:२४ मध्ये हाच गोल सहज का बसतो? टक्केवारी दोन्हीकडे सारखीच असते, कारण गोल आणि नाक एकाच प्रमाणात मोठे होतात. पण पापुद्र्याची जाडी तीच राहते. मोठ्या गोलावर तो तुलनेने मऊ वागतो, लहान गोलावर ताठ.

गोल रंगवण्याची पद्धत

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पांढरा, मग निळा. निळ्यावर पांढरा मारायला गेलं की पांढऱ्याचे थर वाढतात, कड जाड होते, आणि लॅकर रंगातला थिनर खालचा निळा विरघळवून पांढऱ्यात ओढतो.

बॉडी धुण्यापासून सुरुवात करा. रेझिनवर साच्याचं तेल राहतं आणि त्यावर रंग वरवर धरतो. मास्किंग टेप ओढताना रंगाचा तुकडा सोबत येतो तो यामुळेच. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. दारांच्या खाचा आणि चाकांच्या कमानीच्या आतली बाजू विसरू नका. पाणी ५० अंशांपेक्षा गरम नको, पातळ रेझिन वाकतं. पूर्ण सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा पुसा आणि नंतर उघड्या बोटांनी धरू नका. प्रायमर मारल्यावर माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडली तर तिथेच थांबा. प्रायमर उतरवून पुन्हा धुवा. वरून आणखी थर देऊन ती भोकं बुजत नाहीत.

पांढरा प्रायमर आणि त्यावर तकाकीचा पांढरा संपूर्ण बॉडीवर मारायचा. इथे वेळ वाचवायला लोक फक्त नाकावर पांढरा मारतात आणि बाकी बॉडी करड्या प्रायमरवर सोडतात. निळा रंग पूर्ण अपारदर्शक नसतो. पांढऱ्यावर तो उजळ दिसतो, करड्यावर मळकट. गोलाभोवती उजळ निळ्याचं कडं उमटतं आणि ते कितीही थर दिले तरी जात नाही. पांढरा किमान २४ तास सुकू द्या. नखाचा ठसा उमटत असेल तर आणखी एक दिवस.

मास्कची (निळा लागू नये म्हणून गोल झाकणाऱ्या टेपची) चकती कापायला चामडं आणि गास्केट कापायचा पोकळ पंच उत्तम. हार्डवेअरच्या दुकानात १२ मिमीचा मिळतो. १२ गुणिले ४३ म्हणजे ५१.६ सेंमी, ११.६ च्या जागी चालून जातं. पण मग दारांसाठीही तोच पंच वापरा, तीन गोल तीन मापांचे नकोत. टेप काचेवर चिकटवून पंच मारला तर कड फाटते आणि काचही जाते. टेप मेणकागदावर चिकटवा, खाली लाकडाचा आडवा कापलेला तुकडा ठेवा, हातोडीचा एकच ठोका द्या. टेप ताणली जाणारी हवी. कागदी मास्किंग टेप वळणावर डेकलसारखीच चुणते. वळणांसाठी मिळणारी व्हिनाइल टेप रुंद मापात मिळाली तर तीच घ्या. नाहीतर इलेक्ट्रिशियनची पातळ पीव्हीसी टेप चालते, मात्र तिचा चिकटपणा आधी दोनदा स्वच्छ काचेवर लावून-काढून कमी करा.

चकतीला पण जादा परीघ असतोच, पण इथे एक सवलत आहे. मास्कच्या आत काय घडतं त्याला महत्त्व नाही, फक्त कड बंद असली पाहिजे. म्हणून चकतीला कडेपासून मध्याकडे तीन मिमी लांबीच्या सहा चिरा द्या. चकती मध्यापासून बाहेर दाबत गेलात की चिरांच्या कडा एकमेकींवर किंचित चढतात. १.४ मिमी जादा भाग सहा जागी वाटला की प्रत्येक ठिकाणी पाव मिमीपेक्षा कमी येतो. चिरेच्या बाहेरच्या टोकाशी कड दातेरी दिसली तर मास्किंग फ्लुइडचा बारीक ठिपका टूथपिकने द्या.

जागा ठरवताना डोळ्यावर विसंबू नका. नाकाच्या मध्यरेषेवर १ मिमी टेपची पट्टी समोरच्या काचेपासून टोकापर्यंत लावा, तिला काटकोनात दुसरी, दोन्ही गोलाच्या हद्दीबाहेरच तोडा, आणि चकतीवर पेनने काढलेलं अधिकचं चिन्ह त्यांच्याशी जुळवा. चकती बसली की दोन्ही पट्ट्या काढून टाका. गोल गाडीच्या मध्यावर होता की बाजूला, हे ज्या गाडीचं मॉडेल आहे तिच्या त्या शर्यतीतल्या छायाचित्रावरून ठरवा. किटच्या खोक्यावरच्या चित्रावरून नको.

ताणलेली टेप अर्ध्या तासात आकसते आणि कड उचलते. म्हणून चकती लावल्यावर लगेच फवारा. अडथळा आलाच तर फवारण्याआधी कापसाच्या काडीने पुन्हा सगळीकडे दाबा. मग चकतीच्या कडेवर पांढऱ्याचाच एक धुकट हात मारा. कडेखाली जी फट असेल तिच्यात आधी पांढरा शिरतो आणि ती बुजते. निळ्याला आत वाट राहत नाही. या एका हाताने गोलाची कड वस्तऱ्यासारखी येते. पंधरा मिनिटांनी निळा.

निळ्यासाठी टॅमियाचा टीएस-१० फ्रेंच ब्लू हा हाताशी असलेला पर्याय आहे, पण 'फ्रेंच निळा' ही एकच ठराविक छटा नव्हती. प्रत्येक संघ, कधी प्रत्येक गाडी, वेगळी असे. रंगीत छायाचित्राशी ताडून घ्या. कॅन वापरत असाल तर २५ सेंमीवरून तीन पातळ हात, प्रत्येकात १० ते १५ मिनिटं. पहिले दोन हात जवळजवळ कोरडे असावेत आणि फवारा वरून सरळ यावा. तिरका फवारा चकतीच्या कडेखाली घुसतो. शेवटचा हात ओला, तकाकीसाठी.

शेवटच्या हातानंतर ३० ते ४० मिनिटांनी चकती काढा. रंग तेव्हा चामड्यासारखा असतो, हाताला चिकटत नाही आणि तडकतही नाही. ब्लेडच्या टोकाने चकतीचा मध्य उचला, कड नव्हे, आणि टेप स्वतःवरच दुमडत सावकाश ओढा. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी काढली तर निळ्याची कड कपच्यांत निघते. निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर बारीक उंचवटा राहतो. तो ४८ तासांनी ४००० च्या पॉलिश पेपरने पाण्यात, अगदी हलक्या हाताने उतरवा. पूर्ण सपाट करण्याचा हट्ट नको; उरलेला उंचवटा क्लिअरच्या (शेवटी वरून मारायच्या पारदर्शक लेपाच्या) थरांत बुडतो.

अंक

डेकल शीटवरचा पांढरा गोल अंकांसकट छापलेला असतो. त्यातून काळा ५ आणि काळा ३ वेगवेगळे कापा, काळ्याला लागून अर्धा मिमी पांढरं ठेवून. अंकाच्या आतल्या पोकळीतलं पांढरं तसंच राहू द्या. खाली रंगवलेला पांढराच आहे, त्यामुळे डेकलच्या पांढऱ्याची कड दिसत नाही. फार तर छटेचा फरक दिसेल. डेकलचा पांढरा बहुतेक वेळा थोडा पिवळसर असतो. शीटच्या कोपऱ्यातला पांढरा तुकडा रंगवलेल्या पांढऱ्याशेजारी धरून पाहा. फरक जास्त असेल तर पांढऱ्या रंगात मातकट पिवळ्याचा थेंब मिसळून सुरुवातीलाच छटा जुळवून घ्या. ती नंतर जुळवता येत नाही.

साडेसहा मिमी उंचीचा अंक म्हणजे त्रिज्या सव्वातीन. सगळीकडे १२ मिमी वळणाच्या नाकावरही जादा भाग १.२ टक्के, आणि तोही पूर्ण चकतीचा हिशेब. अंक काही चकती नाही, त्याच्या पोकळ्या ताण खातात. अख्ख्या गोलाला ३.९ टक्के लागत होते, ते इथे सॉफ्टनरच्या आवाक्यात येतं.

पाणी बोअरवेलचं वापरू नका. त्यातले क्षार पापुद्र्याखाली सुकून पांढरट डाग ठेवतात, आणि काळ्या अंकाखाली ते चांदीसारखेच दिसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं, तेच घ्या. तुकडा पाण्यात १० सेकंद बुडवून काढा, कागदावरच मिनिटभर ठेवा. पाण्यात तरंगत सोडला तर डिंक धुऊन जातो.

जागेवर मायक्रो सेटचा (डेकल चिकटायला मदत करणाऱ्या द्रावाचा) थेंब, त्यावर अंक सरकवा, ओल्या ब्रशने जुळवा, कापसाच्या काडीने मध्यापासून बाहेर टिपा. घासू नका, टिपाच. मायक्रो सेट नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन चालतं. चिकटायला मदत होते, पण पापुद्रा फारसा मऊ होत नाही. दहा मिनिटांनी मायक्रो सोल या सॉफ्टनरचा पातळ हात वरून. अंक लगेच आक्रसून वेडावाकडा होतो. इथे हात मागे घ्या. अर्धा तास बोटही लावायचं नाही, तो आपोआप खाली बसतो. या घडीला 'थोडं सरळ करून पाहतो' म्हणून जेवढे अंक फाटतात तेवढे दुसऱ्या कशाने फाटत नाहीत. चुणी राहिलीच तर पूर्ण सुकल्यावर नव्या ब्लेडने तिच्या माथ्यावर एक चीर द्या आणि मायक्रो सोल पुन्हा. जास्त कडक सॉफ्टनर वापरायचा असेल तर त्याच शीटवरच्या नको असलेल्या तुकड्यावर आधी तपासा. काही शीटची शाई त्यात विरघळते.

रंगवणं शक्य नसेल तर: चिरांचा मार्ग

एक ते अडीच टक्क्यांच्या नाकासाठी. दोन गोल लागतील. पहिला फक्त पांढरा, अंकांशिवाय. पांढऱ्या डेकल शीटमधून पंचाने कापा, व्यासाने ०.४ मिमी लहान. दुसरा किटचा अंकांसकट. दोन्हींना कडेपासून आत सहा चिरा, पण दोन थरांच्या चिरा एकमेकींवर येऊ नयेत. पहिल्याच्या बारा-दोन-चारच्या काट्यावर असतील तर दुसऱ्याच्या एक-तीन-पाचवर. अंकाला चीर लागू देऊ नका. चिरांच्या कडा एकमेकींवर चढतात आणि एकेरी पांढऱ्या थरात ती जागा जास्त पांढरी दिसते, कारण छापील पांढरा निळ्याला पूर्ण झाकत नाही. खालचा थर असेल तर हा फरक बुडून जातो आणि झिरपणारा निळाही थांबतो. दोन थरांमध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्या.

दारांवरही खालचा पांढरा थर द्या. नाक दुहेरी आणि दारं एकेरी असली तर दारं आकाशी दिसतात. नाक रंगवलं असेल तर दारंही रंगवा, त्याच कारणाने.

चांदी: ती खरंच चांदी आहे का ते पाहा

पारदर्शक कडेखालची चमक तीन वेगवेगळ्या कारणांनी येते आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत.

डेकल सुकताच दिसली तर ती हवा आहे. खालचा रंग मॅट किंवा खरखरीत होता आणि पापुद्रा टेकड्यांवर टेकून खाली पोकळी राहिली. डेकलआधी क्लिअरचा एक तकाकीचा थर, हाच खरा इलाज. आता झालंच असेल तर बारीक सुईने दाट भोकं पाडा, मायक्रो सोल सोडा, तीन-चार वेळा. काळ्या अंकाखालची हवा अशी जाते. रुंद पारदर्शक पट्ट्याखालची क्वचितच. अंक काळ्याला लागून कापण्याचा आग्रह त्यासाठीही आहे: पारदर्शक कडच नाही तर चांदी दिसेल कुठे?

ठिपक्या-ठिपक्यांनी पांढरट असेल आणि ओलं केल्यावर जात नसेल तर क्षार. डेकल काढण्यावाचून उपाय नाही.

डेकल लावल्यावर नीट होतं आणि क्लिअर मारल्यानंतर धुकं आलं, तर अडकलेली ओल. मुंबईत किंवा कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हे हमखास होतं. हवा ओली असताना डेकल वरून कोरडं वाटलं तरी खालचं पाणी निघालेलं नसतं. पावसाळ्यात ४८ तास ठेवा, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. लॅकर क्लिअरही त्या दिवसांत पांढरट पडतं, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. हे धुकं संपूर्ण बॉडीवर असेल, फक्त डेकलखाली नाही, त्यावरून ओळखता येतं. कोरड्या दिवशी रिटार्डर (सुकणं लांबवणारा द्राव) मिसळलेल्या थिनरचा एक धुकट हात मारला की ते बरंचसं विरतं.

जुनी शीट

छोट्या फ्रेंच गाड्यांची रेझिन किटं अनेकदा वर्षानुवर्षं पडून राहिलेली मिळतात आणि डेकल पाण्यात पडताच चुरा होतो. वापरण्याआधी शीटवरचा बिनकामाचा तुकडा भिजवून पाहा, नेहमी. चुरा झाला तर मायक्रोस्केलचं लिक्विड डेकल फिल्म किंवा लॅकर क्लिअरचे दोन पातळ हात संपूर्ण शीटवर द्या, एक दिवस सुकवा. आता सगळी शीट एकच पापुद्रा झालेली असते, म्हणून प्रत्येक अंक कडेला लागून कापावाच लागतो. नव्या थरामुळे डेकल जाड आणि ताठ होतं. अख्खा गोल वळणावर बसवण्याची आशा इथे पुरती संपते. पिवळी पडलेली शीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, आठवडाभरात पारदर्शक भाग बराच उजळतो. पावसाळ्यात नको, शीटला बुरशी येते.

क्लिअर

अंक नीट बसले आणि क्लिअरने वितळवले, अशी हानी पहिल्याच हातात होते. लॅकर क्लिअर ओला मारला तर थिनर डेकलमध्ये शिरतो आणि अंकाला जाळीदार तडे जातात. पहिले तीन हात धुक्यासारखे, ३० सेंमीवरून, प्रत्येकात १५ मिनिटं. त्यानंतरच ओला हात. एक दिवस थांबून २००० च्या पेपरने पाण्यात अंकांच्या कडा दिसेनाशा होईपर्यंत घासा, मग शेवटचे दोन ओले हात. घासताना नाकाच्या टोकाशी सांभाळा. वळणाच्या माथ्यावर क्लिअर सर्वात पातळ असतो आणि पेपर सर्वात जास्त लागतो. निळी झाक पाण्यात दिसली की थांबा.

गोल आधीच बिघडलेला असेल तर

क्लिअर मारलेला नसेल तर सोपं आहे. मायक्रो सोलने भिजवलेला टिश्यूचा तुकडा दहा मिनिटं गोलावर ठेवा, मग मास्किंग टेप दाबून उचला. दोन-तीन वेळांत गोल निघतो. डिंकाचा अंश डिस्टिल्ड वॉटरने पुसा.

क्लिअरखाली गेलेला गोल १५०० च्या पेपरने घासून काढावा लागतो आणि खालचा निळा कमी-जास्त उघडा पडतोच. अशा वेळी निळ्यावर पांढरा मारणं टळत नाही. टेपच्या ३० मिमी तुकड्यात १२ मिमीचं भोक पंचाने पाडा, बाहेरच्या कडेपासून भोकाच्या दोन मिमी अलीकडेपर्यंत आठ चिरा द्या आणि नाकावर बसवा. उरलेली बॉडी झाका. भोकाच्या कडेवर आधी क्लिअरचा धुकट हात, कड बुजवायला. मग चांदी रंगाचा एक पातळ हात. चांदीत धातूच्या चकत्या असतात, त्या निळ्याला एका हातात झाकतात. त्याच कामाला पांढऱ्याचे पाच हात लागले असते आणि कड पायरीसारखी उभी राहिली असती. चांदीवर पांढऱ्याचे दोन-तीन कोरडे हात, आणि टेप काढण्याचा तोच ३०–४० मिनिटांचा हिशेब.

नंबरवर उजेड टाकणारा चिमुकला दिवा ज्या बाजूला होता तिथे ०.५ मिमीचं भोक निळ्याच्या आधी पाडून ठेवा, क्लिअरनंतर पुन्हा ड्रिलने हाताने मोकळं करा आणि दिवा सर्वात शेवटी बसवा. सुपर ग्लूची वाफ ताज्या क्लिअरवर पांढरी बसते. त्या जागी पांढरा गोंद किंवा क्लिअरचाच थेंब वापरा.